शिरूरहून शिरूरला

"बाई, आमच्या शिरूरला रेल्वे आली. तुमच्या शिरूरला नाही ना आली अजून?"

फोनवर माझी जुनी विद्यार्थिनी होती. तिचं शिरूर म्हणजे बीड जिल्ह्यातला शिरूर कासार तालुका. माझं शिरूर पुणे जिल्ह्यातलं, ज्याला आम्ही अजूनही घोडनदीच म्हणतो. तिचे आईवडील दर दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन आमच्या भागात ऊस तोडायला यायचे. कारखान्याचं धुराडं पेटल्यापासून हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत ती माझ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसायची. असे चार हिवाळे तिनं माझ्या वर्गात काढले. पाचव्या वर्षी टोळी आली तेव्हा ती शाळेत आली नाही. आईबरोबर मोळ्या बांधायला लागली होती.

आता ती तिशीची आहे, रायमोह्याजवळच्या एका वस्तीवर राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, अहिल्यानगर ते बीड रेल्वे सुरू झाली आणि त्याच आठवड्यात तिचा हा फोन आला.

"नाही गं आली," मी म्हटलं.

"मग तुम्हीच या की आमच्या गाडीनं. सीताफळं संपायच्या आत या."

दिवाळी झाली आणि मी निघाले.

घोडनदीच्या माणसाला रेल्वे गाठायची तर पुणे नाहीतर दौंड. पुण्याच्या रस्त्यावर शिक्रापूर आणि वाघोलीत वाहनं कशी अडकतात हे त्या वाटेनं जाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. दौंड सुमारे ५० किलोमीटर. लहानपणी वडिलांनी मला एकदा तिथं नेलं होतं, लष्करातल्या मामाला गाडीत बसवून द्यायला. गाडी सुटल्यावर मी फलाटावर किती वेळ रुळांकडे बघत उभी होते, आणि ते मला ओढून कसे परत एसटीकडे घेऊन गेले, हे त्यांनी पुढं अनेकदा सांगितलं. आमच्या गावात असं काही का नाही, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या मनात आला. तो आजवर गेलेला नाही.

खरं तर शिरूर काही आडबाजूचं गाव नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं इंग्रजांची मोठी छावणी होती. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर गावात आहे. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमाला लढलेली पलटण शिरूरहूनच निघाली होती. पुण्याहून नगरला जाणारी सगळी रहदारी आमच्या दारावरून जायची. घोडनदीवरचा पूल ओलांडला की नगर जिल्हा. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला नगरची घाई नव्हती. तिला सोलापूर, रायचूर करत मद्रासच्या बाजूला जायचं होतं. उरुळी, यवत, केडगाव, पाटस, दौंड असा सपाटीचा मार्ग तिनं धरला. नगर जोडलं गेलं ते नंतर, आणि तेही दौंडहून. नकाशावर त्रिकोण काढून बघा. पुणे ते दौंड ७६ किलोमीटर रूळ, दौंड ते नगर ८४ च्या आसपास. तिसऱ्या बाजूला नुसता रस्ता, सुमारे १२० किलोमीटरचा, आणि त्या रस्त्याच्या मध्यावर शिरूर.

न्हावऱ्याच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागला. हंगाम नुकताच सुरू झाला होता. समोरून ट्रॅक्टर येत होते, एकेका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉल्यांमध्ये माणसं. गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, हंडे, पिठाची पोती, त्यावर बसलेली लेकरं, कडेला बांधलेली शेळी. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर या तालुक्यांतून आलेले हे कोयते. नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो तीही कोयत्याच्या हिशेबानं. मी ज्या गावांना चालले होते तिथूनच ही माणसं येत होती. एसटीच्या खिडकीतून मी चेहरे बघत राहिले. माझ्या शाळेत बसलेलं एखादं ओळखीचं तोंड त्यात असेल, असं वाटत राहिलं.

वाटेत इनामगावची पाटी दिसली. घोडनदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून बरीच वर्षं खोदकाम केलं, तेव्हा तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, कोठारं, मडकी आणि लेकरांची दफनं सापडली. पुढं पाऊस कमी झाला आणि त्या लोकांना वस्ती सोडावी लागली, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. पावसानं पाठ फिरवली की बिऱ्हाड उचलायचं, हे या मुलुखाला तेव्हापासून ठाऊक आहे.

दौंड हे रेल्वेनं मोठं केलेलं गाव. इंग्रजांच्या कागदांत ते 'धोंड' म्हणून लिहिलेलं आढळतं. १५ डिसेंबर १८५८ ला पुणे ते डिकसळ मार्ग सुरू झाला तेव्हा पहिली गाडी दौंडवरून गेली. गंमत वाटावी अशी गोष्ट ही की त्या वेळी मुंबई-पुणे सलग रेल्वे नव्हतीच. मधला भोर घाट फोडायचा होता. मुंबईहून येणारा उतारू खोपोलीला गाडीतून उतरे, पालखीत, तट्टावर किंवा पायी खंडाळ्यापर्यंत घाट चढे आणि वर पुन्हा गाडीत बसे. दौंडात इंजिनाचा धूर दिसू लागल्यावर चार वर्षांहून अधिक काळानं, २१ एप्रिल १८६३ ला, घाटाचा मार्ग खुला झाला. काम १८५६ मध्ये सुरू झालं होतं. पंचवीस बोगदे, आणि १८६१ मध्ये एका वेळी ४२ हजारांच्या वर माणसं कामावर. पटकीनं आणि तापानं त्यांतली कितीतरी गेली, त्यांची नावं कुठं कोरलेली नाहीत. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार १८५९ मध्ये इथं आला आणि काही आठवड्यांतच वारला. ठेका त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, पुढं नेला. दीडशे वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या एवढ्या मोठ्या कामाचा भार एका बाईनं उचलला, हे मी शाळेतल्या मुलींना दरवर्षी सांगत असे.

दौंडहून मनमाडकडे जाणारा मार्ग मात्र मला जास्त जवळचा वाटतो, कारण त्याची माती आमच्या माणसांनी टाकली. १८७४ च्या अखेरीस आमच्या तालुक्यातल्या करडे गावानं सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांचे दस्त जळाले आणि दंगा तालुकाभर पसरला. पुढच्याच वर्षी पाऊस गेला. १८७६ ते ७८ चा तो दुष्काळ. सरकारनं दुष्काळी कामं काढली, त्यांत धोंड-मनमाड रेल्वेच्या भरावाचं कामही होतं. ज्यांच्या जमिनी सावकाराकडे गेल्या आणि उरलेल्या वाळल्या, तीच माणसं पाट्या वाहत होती. १८७८ मध्ये हा मार्ग सुरू झाला, १४५ मैलांच्या आसपास. आजही नगरला जाताना गाडीखालून जो भराव सरकतो, तो त्या पाट्यांचा आहे. दौंडहून बारामतीला १९१४ मध्ये छोट्या मापाची गाडीही निघाली, पुढं तीही मोठ्या मापाची झाली. सगळ्या दिशांना फाटे फुटले, शिरूरकडे तेवढा फुटला नाही.

आता दौंडात आणखी एक स्टेशन आहे, दौंड कॉर्ड लाइन. पुण्याकडून येऊन नगरकडे जाणाऱ्या गाडीला पूर्वी जंक्शनवर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे. तो वेळ वाचावा म्हणून दोन मार्गांना जोडणारा छोटा बाक टाकला आणि त्यावर हे नवं स्टेशन झालं. गाड्या थेट निघून जातात, आणि दूरच्या प्रवाशाला त्याचा फायदाच आहे. पण स्टेशन गावाबाहेर आहे. सामान, म्हातारी माणसं, लेकरं घेऊन तिथं पोहोचायचं तर रिक्षा हवी. मी गेले तेव्हा एक कुटुंब जंक्शनवर उतरून कॉर्ड लाइनची गाडी शोधत होतं. त्यांना वाट दाखवून आम्ही एकाच रिक्षातून निघालो. स्टेशन कुठं उभं करायचं हे ठरवताना इंजिनाची सोय बघितली जाते. माणूस चालत किती अंतर जाईल हेही त्याच कागदावर लिहिलेलं असायला हवं. त्या दिवशी मनात आलेली ही गोष्ट पुढच्या दोन दिवसांत मला वारंवार आठवली.

भीमेवरच्या पुलावरून गाडी गेली. पाणी तुडुंब होतं. काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर. विसापूरला तलाव, आणि तो तुरुंग, जिथं कायदेभंगाच्या चळवळीतल्या सत्याग्रहींना ठेवलं होतं. मग रांजणगाव रोड. नाव वाचून अष्टविनायकातल्या महागणपतीला निघालेला परगावचा माणूस इथं उतरायचा. आमचं रांजणगाव मात्र दुसऱ्या जिल्ह्यात, घोडनदीच्या पलीकडे राहिलं. रुळांच्या शेजारी दुसरा मार्ग टाकण्याचं काम चाललेलं होतं. ताज्या मुरमाचा लाल पट्टा, खडीचे ढीग, सिमेंटचे स्लीपर रचून ठेवलेले. रात्री नगरला मावसबहिणीकडे मुक्काम केला.

सकाळी अहिल्यानगर स्टेशनवर बीडची डेमू गाडी उभी होती. डब्यात माझ्यासमोर एक आजी बसली होती, नऊवारी नीट चोपून, पायांशी पिशवी. नगरला लेकीकडे आली होती, परत कड्याला चालली होती. "जाताना बी हिच्यातच आले," ती म्हणाली. "धक्का नाही, काही नाही. एसटीत माझे गुडघे मोडायचे." खिडकीजवळ पोलीस भरतीची तयारी करणारे दोन तरुण होते. एक निवृत्त कंडक्टर होते, बीडचे. तरुणपणी रेल्वेसाठीच्या मोर्च्यांत चाललेले.

"मोजणी झाली तेव्हा केस काळे होते माझे," ते म्हणाले. त्यांनी टोपी काढून दाखवली.

नारायणडोह गेलं, सोलापूरवाडी गेली. धानोऱ्यापासून जमीन उंचसखल होत जाते. बालाघाट म्हणजे सह्याद्रीसारखे कडे नव्हेत. नगर जिल्ह्यातून आग्नेयेला उतरत गेलेली ही रांग, माथ्यावर सपाट, उतारांवर खडकाळ. डोळ्यांना डोंगर फार उंच वाटत नाही आणि तिथंच माणूस फसतो, कारण आगगाडीला चढ झेपत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घट्ट पकड घेत नाही. भोर घाटात ३७ मीटरला एक मीटर चढ आहे, तर तिथं आजही कर्जतहून मागं जादा इंजिनं लावून गाड्या वर ढकलाव्या लागतात. नवा मार्ग टाकताना चढ त्याहून कितीतरी मंद ठेवतात. मग डोंगर आला की तो कापायचा, ओढा आला की भराव घालायचा किंवा पूल बांधायचा, आणि तरीही जमलं नाही तर लांबून वळसा घ्यायचा.

अशा एका कापणीतून गाडी जात होती तेव्हा मी दारापाशी उभी राहिले. दोन्ही बाजूंना काळ्या पाषाणाच्या भिंती. वर हातभर माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा कठीण दगड, मध्येच विटेसारखा लाल पट्टा, खाली पुन्हा काळा. लाव्हाचे एकावर एक थर थंड होत गेले, त्याचा हिशेब इथं उघडा पडला होता. हा दगड सुरुंगाशिवाय हलत नाही. आणि जिथं दगड नाही तिथं काळी माती, कापसाची. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट रूळ टाकले तर दोन पावसाळ्यांत वेडेवाकडे होतील. म्हणून ती काढून चांगला मुरूम भरायचा, थर थर दाबायचा, पाणी वाहून जायला वाट ठेवायची. हे सगळं झाल्यावर खडी, स्लीपर, रूळ. मग रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात, वेगाची चाचणी होते आणि त्यांनी सही केल्यावरच उतारू डब्यात बसतो.

पण या मार्गाला तीस वर्षं लागली ती दगडामुळं नाही. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. खर्चाचा पहिला अंदाज ३५३ कोटींचा. तो वाढत ४,८०५ कोटींवर गेला. निम्मा वाटा केंद्राचा, निम्मा राज्याचा, आणि वर्षानुवर्षं अर्थसंकल्पात एवढीच रक्कम पडे की तिच्यात चार-दोन पूल व्हावेत. बीडच्या नेत्या केशरकाकू क्षीरसागरांनी या रेल्वेसाठी आवाज उठवला, गोपीनाथ मुंडे तिच्यासाठी झटले. गाडी बघायला दोघंही राहिले नाहीत. २३ सप्टेंबर २०२२ ला गाडी न्यू आष्टीपर्यंत, ६६ किलोमीटर आली. तिथून बीडला पोहोचायला आणखी तीन वर्षं. बीडपासून परळीपर्यंतचा उरलेला टप्पा अजून व्हायचा आहे. भोर घाट सात वर्षांत फोडणाऱ्या इंग्रजांना कच्चा कापूस बंदरावर न्यायची घाई होती. बालाघाटातून न्यायला असं काही नव्हतं. इथून बाहेर जात होती ती फक्त माणसं, आणि ती ट्रॉलीत बसूनही जात होतीच. मला या उशिराचं दुसरं कारण दिसत नाही.

आष्टीला डबा बराच रिकामा झाला आणि नवी माणसं चढली. सीताफळाच्या पाट्या घेऊन चार बाया आल्या. बालाघाटातल्या या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. खडकाळ उतारावर, कुणी पाणी न घालता ते येतं. एका बाईनं माझ्या हातावर पिकलेलं एक फळ ठेवलं. पैसे घ्यायला तयार नव्हती. "बीडला आडतीवर टाकते," ती म्हणाली, "इथं व्यापारी येऊन मागंल तो भाव. आता गाडीनं आपुणच जायचं." खिडकीबाहेर मात्र सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनं खरडलेली शेतं होती. ओढ्याकाठची माती वाहून जाऊन खाली नुसते गोटे उघडे पडलेले. कंडक्टरांनी बोटानं एक तुकडा दाखवला. मार्गाच्या दोन्ही अंगांना एकाच शेतकऱ्याचं वावर, मध्ये भराव. "याची विहीर त्या बाजूला राहिली," ते म्हणाले. "पैसे मिळाले त्याला. पण पाणी आणायला लांबून वळसा पडतो." रेल्वे मागणाऱ्या माणसानं हेही दाखवलं, म्हणून त्यांचं बोलणं मला खरं वाटलं.

अंमळनेर, जाटनांदूर. मग रायमोहा.

ती फलाटावर उभी होती, दहा वर्षांच्या मुलीचा हात धरून. मला वाकून नमस्कार केला आणि मुलीला म्हणाली, "ह्या माझ्या बाई." फलाटाचा रंग नवा होता, पाटीवरची अक्षरं कोरी. सभोवार माळ. वस्तीपर्यंत तिच्या दिराच्या मोटारसायकलवर बसून गेले. शिरूर कासारचं मूळ गावही या रुळांपासून बाजूलाच आहे आणि शिरूर नावाचं स्टेशन या मार्गावर नाही. माझ्या शिरूरला स्टेशन नाही, हिच्या शिरूरच्या नावाचं नाही.

हुलग्याचं शेंगोळं, बाजरीची भाकरी आणि ठेचा जेवलो. मग ती बोलू लागली.

"बाई, मी आन् ही रेल्वे एकाच वयाच्या. मी जल्मले त्या साली मंजूर झाली. माझे वडील सांगायचे, पोरगी शाळेत जाईल तोवर गाडी येईल. मग म्हणायचे, लग्नापर्यंत येईल. आता माझी लेक पाचवीला गेली, तवा आली."

तिच्या भावाची टोळी त्याच रात्री निघणार होती. संध्याकाळी आम्ही तिकडे गेलो. मोकळ्या जागेत ट्रॅक्टर उभे. अठरा कोयते, म्हणजे छत्तीस माणसं आणि त्यांची लेकरं. पोती, चुलीचं पत्र्याचं खोकं, पालासाठी ताडपत्री, गोणपाटात गुंडाळलेले कोयते. मुकादम वहीत बघून नावं घेत होता. जाणार कुठं, विचारलं तर, दौंड तालुक्यात.

मी तिच्या भावाला विचारलं, "रेल्वेनं का जात नाही रे?"

"कसं जायचं, बाई?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "ही गाडी नगरला सोडणार. तिथून दौंडची दुसरी धरायची. लेकरं, म्हातारी, पोती, शेळ्या घेऊन फलाटावर रात्र काढायची? आन् दौंडला उतरल्यावर फडावर कोण नेणार? मुकादमाचा ट्रॅक्टर दारातून उचलतो आन् फडात सोडतो."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. थंडीत, उघड्या ट्रॉलीत, रात्रभर एवढं अंतर. त्यांत दरवर्षी कुठं ना कुठं ट्रॉली उलटते, आणि वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. रूळ त्यांच्या वस्तीपासून दोन-चार किलोमीटरवरून जातात आणि त्या रुळांचं दुसरं टोक ते जिथं ऊस तोडणार त्या तालुक्यात, दौंडला, पोहोचतं. तरी माणसं ट्रॉलीतच.

मी गेले तेव्हा गाडीची फेरी दिवसाला एकच होती. सकाळी नगरहून निघायची, दुपारी बीडला पोहोचायची, आणि दुपारीच बीडहून परत. रायमोह्याच्या मुलीला ती कॉलेजला जायच्या वेळी मिळत नव्हती, आणि बीडला दवाखान्यात गेलेल्या माणसाची परतीची गाडी लगेच सुटायची. सुरुवात आहे, गाड्या वाढतील, असं सगळे म्हणतात. वाढाव्यात. पण कुठल्या वेळी वाढवायच्या हे या वस्त्यांना विचारून ठरलं पाहिजे.

ट्रॅक्टर निघाले तेव्हा साडेनऊ वाजले होते. एका ट्रॉलीत आठ-नऊ वर्षांची मुलगी पेटीवर बसली होती, मांडीवर दप्तर. माझ्या विद्यार्थिनीनं ते बघितलं आणि आपल्या लेकीला जवळ ओढलं.

"हिला मी पाठवत नाही, बाई," ती म्हणाली. "हिची शाळा इथंच. तुमच्या शाळेत नाही यायची ही."

मी चाळीस वर्षं शिकवलं. माझ्या शाळेत एखादं मूल येऊ नये असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या रात्री वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं परतले. पिशवीत बारा सीताफळं होती, प्रत्येक कागदात गुंडाळलेलं. दौंडला उतरून एसटी धरली तेव्हा अंधार पडला होता. न्हावऱ्याच्या अलीकडे रस्त्याकडेला एका टोळीचे पाल उभे राहिले होते, चुली पेटल्या होत्या.

पुण्याहून रांजणगाव, शिरूर, सुपे मार्गे नगरला थेट रेल्वे काढायची चर्चा आमच्याकडे पुन्हा सुरू आहे. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. माझ्या हयातीत झाली तर मी पहिल्या गाडीनं नगरला जाईन. ती होईल तेव्हा स्टेशन गावातल्या माणसाला चालत गाठता येईल अशा ठिकाणी असावं, कारखान्यात पाळीला जाणाऱ्या पोरांच्या वेळा बघून गाड्या सुटाव्यात, हे मी आमच्या ग्रामसभेत बोलणार आहे.

पण त्याआधी एक काम आजच होण्यासारखं आहे. रूळ आहेत, स्टेशनं आहेत, पूल झाले आहेत. दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत बीडहून थेट दौंडपर्यंत एक गाडी सोडा. तिला सामानाचा एक डबा जोडा. कारखान्यांनी आपापले ट्रॅक्टर दौंड स्टेशनवर आणून उभे करावेत. या मागणीचा अर्ज मी लिहिला आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या ज्यांच्या शेतातला ऊस ही माणसं तोडतात, त्या प्रत्येकानं त्याखाली सही करावी.